अर्धी मात्रा मागे

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज सकाळपासून मी तुमच्याशीच भांडते आहे. एवढं लिहिताना तीनदा उठले, तुमच्या नातीच्या दाराला कान लावला, परत येऊन बसले. दार आतून बंद आहे. आज संध्याकाळी इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती स्वतः लिहिलेलं रॅप म्हणणार होती. आता म्हणेल की नाही कोण जाणे, आणि त्याला कारण मी आहे.

रॅप म्हणजे गायचं नाही, ठेक्यावर बोलायचं. तबल्याला हात लावण्याआधी तुम्ही आम्हाला बोल तोंडाने म्हणायला लावायचात ना, तसली पढंतच म्हणा, फक्त बोलांच्या जागी माणसाचं गाऱ्हाणं. सतरा वर्षांच्या या बाईसाहेबांचा देव म्हणजे एक अमेरिकन पोरगा, जेमतेम विशीतला. शाळा सोडून घरी झोपायच्या खोलीत फोनवर गाणी रेकॉर्ड करायचा. पहिल्या गाण्यात मागून त्याची आई जेवायला हाक मारते, तेही त्याने तसंच ठेवलं. दोन मिनिटांत गाणं संपतं. शब्द अर्धे गिळतो, ठेका पुढे निघून गेला की हा मागून रमतगमत येतो. नाव झाल्यावर मोठ्या स्टुडिओत कुणीतरी त्याला नीटनेटका केला, सगळे शब्द जागच्या जागी बसवले. तो अल्बम साफ पडला. मग गडी परत आपल्या खोलीत गेला आणि पहिल्यासारखा उशिरा यायला लागला. हे सगळं तिने मला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊच्या गाळ्यांत बसून सांगितलं होतं, समोरचं जेवण निवत ठेवून. मी मान डोलावली, ऐकलं मात्र नाही.

तिने ठेका म्हणून काय घेतलं असेल? तुम्हालाच. तुमच्या जुन्या कॅसेटवरची तीनतालाची पढंत, हाताने टाळी देत म्हटलेली. परवा ती कॉलेजला गेल्यावर मी तिच्या लॅपटॉपवर ऐकलं. खाली तुमचा आवाज, वर तिचा, आणि तिची प्रत्येक ओळ समेच्या, तुमच्या पहिल्या धाच्या, अर्धी मात्रा मागे. माझा हात आपसूक मांडीवर टाळी-खाली धरायला लागला. मंडळात निम्मे लोक पुण्याचे, तुम्हाला ओळखणारे. कुणीतरी म्हणणारच, तबलजींची नात आणि लय सुटते! बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुकाच काढते. तासाभरात तिची एकेक ओळ उचलून समेवर नेऊन बसवली, आणि तिच्याच फाइलवर सेव्ह केलं. वर स्वतःवर खूश, की पोरीला मदत केली.

त्याच संध्याकाळी तिने हेडफोन लावून ऐकलं. ओरडली नाही. "आई, दॅट वॉज ऑन पर्पज, लाह. नाऊ इट्स नॉट मी," एवढंच म्हणाली, इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून. मी म्हटलं, "अगं, लय सुटली होती तुझी." वाक्य तोंडातून गेलं आणि ओळखलं, हे माझं नाही, तुमचं आहे.

गुरुपौर्णिमा. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तुमचे सगळे विद्यार्थी, मी बारा वर्षांची. तुम्ही पेटीवर लेहरा धरलाय, मी वाजवते आहे, आणि तोच तुकडा तीनदा वाजवून माझी तिहाई समेवर न येता किंचित मागून येते. पेटी थांबते. "लय सुटली तुझी. ऊठ." मी उठते, माझ्या जागी दुसरा कुणी बसतो. माझ्या तबल्याच्या गवसण्या त्यानंतर कधी निघाल्या नाहीत. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, याचा मला राग आहे, अजूनही आहे. आणि परवा मी तिला नुसतं उठवलंही नाही, तिच्या जागी दुसरीच मुलगी नेऊन बसवली.

आत्ता दाराआडून तुमचा आवाज येतो आहे. धा धिं धिं धा. ती पुन्हा रेकॉर्ड करते आहे की नुसतंच ऐकते आहे, कळत नाही. दार वाजवायचं आहे, पण नुसतं सॉरी घेऊन जाववत नाही. एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. ती इथे लिहून ठेवते आणि आत जाऊन तिलाही सांगणार आहे. बाबा, त्या दिवशी माझी लय सुटली नव्हती. सम मला स्वच्छ दिसत होती. मी मुद्दाम मागे थांबले होते, कारण तिथे फार छान वाटत होतं.