गाभण मेंढ्यांचं डाएट

३ नोव्हेंबर १९९१, सकाळी ६
आजपासून शिस्त. खेरडीच्या वाडीवरच्या माझ्या अकराही मेंढ्या गाभण आहेत आणि भलत्याच लठ्ठ. लठ्ठ आईचं बाळंतपण अवघड जातं. धान्याचा भरडा बंद. नुसतं सुकं गवत, रोज तळ्यापर्यंत दोन फेऱ्या.
तानूबाई मेंढ्या अर्धलीने सांभाळते, म्हणजे होणारी निम्मी कोकरं तिची. त्यामुळे तिची कुरकुर समजू शकते. म्हणे, "बाई, ती चरबी नाय, लोकर हाय. पाठीवर हात फिरवून बघा."
मी बी.ए., मानसशास्त्र, १९५८. हात न लावता पारख करते.

१९ नोव्हेंबर
एक मेंढी गाभडली, दिवस भरण्याआधीच गर्भ पडला. कारण उघड आहे: खडोलीच्या कारखान्याचा भोंगा. मॅनेजरला कडक पत्र टाकलं.

२४ नोव्हेंबर, रविवार
आणखी एक गाभडली. भोंगा रविवारी बंद असतो. म्हणजे दोष बिडीचा. तानूबाईचा नवरा काळू गोठ्याशी बसून ओढतो. बंदी घातली. म्हणतो, "बिडी मी ओढतो, मेंढ्या नाय ओढत." उद्धट.

१ डिसेंबर
पहिलं कोकरू. उभंच राहीना. दूध ओढायलाही जोर नाही. दुपारी गेलं.
व्यायाम कमी पडतोय. उद्यापासून तीन फेऱ्या.

४ डिसेंबर
तानूबाईने परस्पर गुरांचे डॉक्टर आणले. श्रीकांत, शाळेतला माझाच विद्यार्थी. रोगाची शंका नको म्हणून मेंढ्यांचं रक्त घेतलं. मग माझा हात धरून लोकरीत घातला. फासळ्या मोजता आल्या.
शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं कोकरू झपाट्याने वाढतं. नेमका तेव्हाच मी खुराक तोडला, असं त्याचं मत. वर म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हालाही डबा पुरता खाऊ द्यायचा नाहीत."
भरडा सुरू करण्याचा धाडसी निर्णय मी तत्काळ घेतला. कोठीची किल्ली तानूबाईने त्याआधीच घेतली होती.

२२ डिसेंबर
जुळी! पाच मिनिटांत चारही पायांवर उभी. रक्ताचा रिपोर्टही स्वच्छ. माझी पद्धत फळाला आली.
आईला आता हलका आहार द्यावा, असं सुचवलं. तानूबाई गोड हसली. "बाई, बाकीच्या विईपर्यंत ठाण्याला बहिणीकडे जाऊन या ना. लई दमलात."
विचार केला. हवापालट मला हवाच होता. निर्णय सर्वस्वी माझा.
तिकीट काळूने वापीहून कालच आणून ठेवलं होतं.