रस्त्याच्या मध्यापासून

६ जानेवारी, सोमवार

डायरीला उशीर झाला, कारण डायरीच नव्हती. दरवर्षी अगरबत्तीचा एजंट देतो. यंदा म्हणाला, नाना, कंपनीने छोट्या दुकानांसाठी छापल्याच नाहीत. ही डायरी कोकिळाने आणली. समोर नव्या उघडलेल्या 'सुखबचत' मार्टमध्ये ती फक्त बघायला गेली होती. बघता बघता पाच किलो रवा घेतला, त्यावर ही फुकट. किराणा दुकानदाराची बायको! घरात रव्याची अख्खी गोणी असताना!

पुठ्ठ्यावर त्यांचा हसरा हत्ती आहे. वर खाकी कव्हर घातलं. आतली पानं कोरी आहेत, त्यांचा काही दोष नाही.

यंदाचे संकल्प: पाडव्याच्या आत मार्ट बंद पाडणे. रोज चालायला जाणे. कुकर शेजारच्या कादरकडे देणे, रिंग गेली आहे, शिट्टी होत नाही.

९ जानेवारी, सकाळी सहा

चालायला निघालो ते मार्टपर्यंतच गेलो, कारण काम निघालं. त्यांचा रॅम्प! सिमेंटचा उतार सरळ रस्त्यावर आला आहे आणि आजवर एकाच्याही लक्षात आला नाही. अशा गोष्टी दिसायला नजर लागते.

कादरला उठवून आणलं. कादर म्हणजे कुकर-मिक्सर दुरुस्तीवाला. त्याच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत, तीस वर्षं. त्याचं दुकान सात फूट खोल, बसल्या जागी तिन्ही हिरव्या भिंतींवरचे खिळे हाताशी येतात. त्याने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. रॅम्प चार फूट आणि वर एक वीत. कादर म्हणाला, नाना, आता टेप गुंडाळा, लोक बघत आहेत. मी म्हणालो, बघू देत.

कुकर न्यायचा राहिला.

१३ जानेवारी

अर्ज तयार. नगरपालिकेत असा अर्ज गेल्या पन्नास वर्षांत आला नसेल. शेवटचं वाक्य उतरवून ठेवतो: 'तरी रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंची मोजणी करून, कोणाचीही गय न करता, सर्वांना समान नियम लावावा.' तीनदा मोठ्याने वाचलं. कोकिळा आतून म्हणाली, दुसराना मार्ट पाडाले निंघनात, घरमा कुकर दोन महिनापाईन पडेल शे. तिला भाषेची जाण नाही.

आमच्याच ओळीतल्या कापडवाल्या हितेंद्रने सही दिली नाही. म्हणाला, नाना, आपली ओळ कोणी आणि कशी बांधली ते विसरलात का? भित्रा माणूस. आमच्या बापाने दुकान बांधलं तेव्हा रस्ता होताच कुठे? बैलगाडीची चाकोरी होती. रस्ता नंतर आला.

कादरने अर्ज नीट वाचला, चष्मा लावून. मग विचारलं, नाना, सर्वांना समान म्हंजे आपलेबी शे का? मी समजावलं की ही कायद्याची भाषा असते, तशी लिहावी लागते. तो म्हणाला, तुम्ही म्हणता तर करतो. अर्जदार क्रमांक एक गिरधर कोठावदे, अर्जदार क्रमांक दोन कादर. दोन सह्या पुरेत.

२० जानेवारी

अर्ज दिला. टेबलावर योगेंद्र म्हणून क्लार्क आहे. त्याने वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. विचारलं, नाना, नक्की द्यायचा ना? अजून शिक्का मारला नाही. एवढा आदर या ऑफिसात मला कधी मिळाला नव्हता. म्हणालो, मारा शिक्का.

शिक्का मारलेली अर्जाची प्रत, म्हणजे पोहोच, लॅमिनेट करून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावली.

५ फेब्रुवारी

कारवाईची वाट पाहताना दुकान सुधारायला घेतलं. दारात 'आजची ऑफर' असा फळा लावला. ऑफर सुचली नाही, फळा तसाच आहे. होम डिलिव्हरी सुरू केली. पहिली डिलिव्हरी तिसऱ्या मजल्यावर, एक काडेपेटी. गुडघा धरला. होम डिलिव्हरी बंद.

पण जुनी गिऱ्हाइकं सोडून जात नाहीत, हे आज सिद्ध झालं. तानुबाई आल्या. बापाच्या काळापासूनचं घराणं. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, मार्टच्या दोन भरलेल्या पिशव्या माझ्याकडे ठेवल्या आणि म्हणाल्या, नाना, पिशव्या जरा देखा, मी बँकमा जाई येस. हा विश्वास त्या मार्टवाल्यांना मिळणार आहे का?

पिशवीत तूरडाळ होती. आमच्यापेक्षा बारीक.

१८ फेब्रुवारी

ऐतिहासिक दिवस! इंजिनिअर, दोन माणसं, टेप, लाल रंगाचा डबा. अगदी अर्जात म्हटल्याप्रमाणे रस्त्याच्या मध्यापासून मोजणी.

मार्टच्या मॅनेजरने कटकट केली नाही. घण मागवला, तासाभरात रॅम्प स्वतःच फोडला, वर इंजिनिअरला पाणी दिलं. रॅम्प गेला! माझा रॅम्प! म्हणजे त्यांचा. इमारत मात्र दोन फूट आत निघाली. नवीन बांधकाम, नकाशा पास करून केलेलं. हरकत नाही.

मग टेप आमच्या बाजूला आली. आमची ओळ सहा फूट रस्त्यात आहे म्हणतात. माझ्याकडे लाल रेघ साखरेच्या पोत्यामागे पडली. कादरकडे रेघ मारायला माणूस आत शिरला तो थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. रेघेच्या मागे एक फूट उरला. कादर हातातल्या झाकणाला रिंग बसवत होता, ती बसवली.

टेक्निकल चूक आहे. इंजिनिअर जाताना म्हणाला, इतका स्पष्ट अर्ज क्वचित येतो. तेवढं समाधान.

२५ फेब्रुवारी

नोटीस आली. पंधरा दिवसांत हरकत घेता येते. मी हरकत घेणार: 'जुन्या दुकानांना वगळावे.' योगेंद्रने माझाच अर्ज फाइलमधून काढून दाखवला. 'कोणाचीही गय न करता' या शब्दांखाली कोणीतरी पेन्सिलने रेघ मारली आहे. मी सांगितलं, ते त्यांच्यासाठी लिहिलं होतं. तो म्हणाला, तसं लिहायला पाहिजे होतं.

कादर सांगत होता, बसस्टँडजवळ एक गाळा रिकामा आहे, मालक देतो म्हणतोय, घेऊन ठेवू का? मी त्याला स्वच्छ सांगितलं, अजिबात नाही. मी असताना तुला जागा शोधायची काय गरज? गाळा घेतलास तर आपण हरलो असा अर्थ निघेल. तो म्हणाला, तुम्ही म्हणता तर थांबतो.

माझ्या शब्दाला किंमत देणारा हा एकच माणूस उरला आहे. कुकर उद्या नक्की देतो त्याला.

११ मार्च

बसस्टँडजवळचा गाळा ज्यूसवाल्याने घेतला. बरंच झालं. पश्चिमेची जागा, उन्हात भाजून निघाला असता.

हरकत दाखल केली. मुदत कालच संपली म्हणतात. मी पंधरा दिवस नोटीस मिळाल्यापासून धरले, ते नोटिशीवरच्या तारखेपासून धरतात. दिवस मोजण्यावर वेगळा अर्ज करावा लागेल.

१७ मार्च

नगरपालिकेच्या साहेबांना भेटलो. कादरलाही नेलं, रोजा होता त्याचा, पाणीही न घेता तीन तास बाकावर बसला. आत मी चांगला मुद्देसूद बोललो. साहेब म्हणाले, कोठावदे, तुम्हीच मागणी केली, आम्ही तुमचं ऐकलं. लोक म्हणतात नगरपालिका ऐकत नाही.

बाहेर कादरने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, नव्वद टक्के काम झालं.

का म्हणालो? त्याचे ओठ सुकले होते. शंभर टक्के म्हणणार होतो, दहा मी कमी केले.

२६ मार्च

जेसीबी सकाळी नऊला आला. माझं सहा फूट जायला वेळ लागला, जुना दगड आहे. कादरचं दुकान चहा गार होण्याआधी संपलं. सामान त्याने काल संध्याकाळीच पोत्यांत भरून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या नव्वद टक्क्यांवर त्याचा विश्वास नव्हता. वाईट वाटलं.

गर्दी जमली. हितेंद्र ओरडला, कोणी तक्रार केली ते वाचून दाखवा! अधिकाऱ्याने वाचलं. अर्जदार क्रमांक एक. अर्जदार क्रमांक दोन. हितेंद्र कादरकडे वळला, तूसुद्धा? स्वतःच्या दुकानावर?

मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्याने माझ्या शब्दावर सही केली, एवढंच. सहा शब्द. सगळी ओळ माझ्याकडे बघत होती आणि धूळ फार होती.

कादर म्हणाला, हो, सही मन्हीच शे.

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

३० मार्च, पाडवा

मार्ट बंद पडलं नाही. बॅनर लागला: 'आता समोरच प्रशस्त पार्किंग.' समोर म्हणजे आमच्याकडे. गुढी कुठे उभारायची हा प्रश्न पडला, ओटाच राहिला नाही. घरी उभारली. वरण-बट्टीचा बेत होता. डाळ पातेल्यात शिजवली, दुपारचे तीन वाजले. कोकिळा दिवसभर एक शब्द बोलली नाही. ती बोलते तेच बरं.

३१ मार्च, ईद

कादरकडून दरवर्षी शीरखुर्म्याचा डबा येतो. दुपारपर्यंत दुकानात थांबलो. उरलेल्या आठ फुटांत उभं राहून थांबलो.

मग मीच फोन केला. त्याच्या मुलीने उचलला, मिसबाहने. अब्बा आता वरणगावलाच आहेत माझ्याकडे, झोपले आहेत, म्हणाली. ईदच्या दिवशी दुपारी चारला कोण झोपतं? मी म्हणालो, उठवू नकोस. कुकरचं विचारायचं होतं फक्त.

हे शेवटचं मी का बोललो, कळत नाही.

९ एप्रिल

गावात कुकरची रिंग मिळत नाही. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे म्हणाले, कादरकडे जा. कोकिळा म्हणाली, एक तर मार्टमधून नवा आणा, नाहीतर मी आणते. मी गेलो. तत्त्व म्हणून स्कूटरवर गेलो, डोक्यात हेल्मेट, तोंडावर उपरणं. कोणी ओळखलं नसतं.

वॉचमन म्हणाला, या नाना, इकडे लावा. जागा दाखवली. सरळ आत घातली गाडी, पुढचं चाक मागच्या भिंतीला टेकलं. तेव्हा कळलं कुठे उभा आहे ते. हिरवी भिंत तशीच आहे, तिच्यावर खिळ्यांची रांगही. वॉचमन म्हणाला, हेल्मेट अडकवा त्या खिळ्याला, सगळे तिथेच अडकवतात.

मी अडकवलं.

आत काउंटरवरच्या मुलीला रिंग मागितली. रिंग सुटी मिळत नाही, काका, पूर्ण कुकर घ्यावा लागतो. घेतला. गॅरंटी कार्डावर लिहिलं आहे, दुरुस्तीचं जवळचं केंद्र जळगाव. कुकरवर एक वस्तू फुकट होती. वर्षाचे तीन महिने उलटले तरी त्यांच्याकडे डायऱ्या उरल्या आहेत.

आज घरी पहिली शिट्टी झाली. जुनी पोहोच तसबिरीशेजारून काढली आणि पुन्हा वाचली. अक्षर माझं आहे, सुरेख आहे. कादरची सही थोडी तिरकी आली आहे. त्या दिवशी पॅड नव्हतं, त्याने कागद माझ्याच पाठीवर ठेवून सही केली होती.