धरून सोडलेला मासा

२७ जून १९९३, रविवार
दुकान बंद. पहिल्या बसने सरगूर. धरणाचे दरवाजे उघडलेत, कबिनी नदी तांबडी, दोन्ही काठ भरून. नंजेगौडांच्या शेताच्या टोकाला माझी नेहमीची जागा, तीही पाण्यात. गौडा म्हणाले, "टेलर, आज मीन सिगल्ला." मासा मिळणार नाही हे मलाही दिसत होतं. सुम्ने, नुसताच बसून राहिलो. बरं वाटलं.
बायकोने, सुमित्रेने, परवा तुळशीची माळ घातली. तिच्या ऑपरेशनच्या वेळी तसा नवस बोलली होती. घरात मासा कधी शिजला नाहीच. मी धरतो तो गौडांच्या घरी जातो. तरी...

२२ ऑगस्ट
पाणी निवळतंय. गळावरच्या रागीच्या गोळीला गेंडे मासा लागला, हातभर. तंगूसाचा दोरा बोटाला कापत गेला, पलीकडून ओढ. त्या ओढीसाठीच जातो.
जेवताना सु. म्हणाली, "तुम्ही खात नाही, मी खात नाही. मग जीव कशाला घ्यायचा?"
गौडांचं नाव पुढे केलं. "त्यांना बाजार आहे," म्हणाली.

१२ सप्टें.
दोन धरले, दोन्ही सोडले. गौडा हसले. घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सु. भाजी चिरत होती. "सोडायचा तर धरायचा कशाला? दुखत नसेल त्याला?"

३१ ऑक्टो.
दसरा होऊन गेला. महिनाभर नदी नाही. आता पाणी कसं असेल ते ठाऊक आहे, हिरवं, तळ दिसेल असं. आज एका कोटाची बाही उलटी जोडली. सु.ने उसवून दिली.

१२ डिसें.
सु. आपणहून म्हणाली, "मी येते." डब्यात चित्रान्न. नदीवर धुकं. गौडांनी पोतं अंथरलं, "कूतकोळ्ळी अक्का." ती बसली.
उन्हं वर आल्यावर मासा लागला. मी गळाची काठी तिच्यापुढे केली. वाटलं, नाही म्हणेल. तिने दोन्ही हातांनी धरली. काठी वाकली तशी तीही पुढे वाकली. "अहो, केवढा जोर आहे त्याला." मग एकदम, "सोडा."
सोडला. सोडताना तिचेही हात ओले झाले; तिने ते पदराला पुसले नाहीत, तसेच मांडीवर ठेवले.
परतीची बस नंजनगूडला पोचली. मग म्हणाली, "मला आवडलं हो. त्याचंच वाईट वाटतंय."
मला तर इतकी वर्षं नुसतं आवडतच होतं.

१३ मार्च १९९४
नदी आटली, खडक उघडे. दोघं गेलो. काठी नेली नाही, तिच्याच सांगण्यावरून. रागीच्या गोळ्या नुसत्याच डोहात टाकल्या. मासे वर आले, पाठी चमकल्या, गोळ्या घेऊन गेले. छान दिसलं. माझे हात मात्र मोकळे, कुठे ठेवावेत कळेना. ते तिने पाहिलं असावं.
चढण चढताना म्हणाली, "पुढच्या खेपेला काठी आणा. मी धरणार नाही."
वर रस्त्याला लागल्यावर, "म्हणजे, बघू."