शीड गुंडाळेना, म्हणून

अगं,

काल संध्याकाळपासून आपलं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून बोलत नाही, लिहितोय.

मी परत धक्क्यावर होडीपाशी चाललोय. पुढचं शीड अजून गुंडाळलं जात नाही. ते गुंडाळायचा दोर खालच्या रिळातच अडकलाय, या माझ्या ठाम मताखातर मी सकाळी रीळ खोललं, पुसलं, त्यात तेल घातलं. रीळ आता दागिन्यासारखं चमकतंय आणि शीड जिथल्या तिथे आहे. पाठीला रग लागली म्हणून मान वर केली, तर शीड चढवायचा दोर पार वर टोकाला, शिडाच्या तारेभोवती वेढे घालून बसलेला! "अहो, आधी वर बघा," असं काल होडीत कुणीतरी घसा फोडून सांगत होतं. आवाज ओळखीचा होता.

शीड तात्पुरतं बांधून आलोय, पण वारा वाढतोय. सुटलं तर चिंध्या होतील. शेजारच्या होडीतले डॉक्टर मदतीला येतो म्हणाले. मी नको म्हटलं. सज्जन माणूस, मी चुकलो तरी वा वा म्हणेल.

शिवाय ते वेढे सोडवायला एकाने डोलकाठीपाशी तो दोर सैल सोडायचा, दुसऱ्याने रीळ उलटं फिरवायचं आणि दोघांनी सारखं एकमेकांना सांगत राहायचं, असं ते काम आहे. मुक्याने होत नाही.

मी रिळापाशी बसतो, तू सांगशील तसं फिरवतो. कालचं काही म्हणायचं राहिलं असेल तर तेही तिथेच म्हण. एवढ्या वाऱ्यात माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही.

लवकर ये.