हाताचे टक्के

८ जानेवारी

आमचा वकील हात बघून चक्क खट्टू झाला! "बरीच सुधारणा आहे हो," म्हणाला, आणि तोंड असं केलं की जणू चहात कुणी मीठ घातलंय. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. पट्टी सुटल्यापासून रोज रबरी चेंडू दाबते आहे, तेव्हा कुठे अंगठ्याशेजारची दोन बोटं जराशी वाकायला लागली. बाकीची दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीतल्या त्या पंचिंग मशीननेच ठेवून घेतली.

वकिलाचं म्हणणं असं — सरकारी दवाखान्यात तपासणी व्हायची आहे. हात किती टक्के निकामी झाला ते तिथले डॉक्टर ठरवणार, आणि त्या टक्क्यांवर कोर्ट भरपाई देणार. "तोवर हाताला जरा आराम द्या." डोळा तेवढा मारला नाही. ह्यांना मात्र लगेच कळलं. एरवी एक गोष्ट चारदा सांगावी लागते!

९ जानेवारी

चेंडू सापडत नाही.

१० जानेवारी

चेंडू माळ्यावर. ह्यांनीच टाकला. विचारलं तर म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी." आमच्या घरात हे ऐकलं की समजावं, आपलं काहीतरी गेलं.

थोरली बापाशी भांडली. "व्यायाम थांबवला तर बोटं आखडतील बाबा, मग कायमचीच!" तिला नर्सिंगला जायचंय. भरपाई आली की आधी तिची फी, मग ह्यांचा टेम्पो, असं ठरलंय. ह्यांच्या तोंडात मात्र टेम्पो आधी येतो. सासूबाई म्हणाल्या, "हात काय, तसाही कामातनं गेलाय. पोरीचं तरी भलं होऊ दे." बाई गोड कधी बोलायची नाही, पण नेमकं बोट ठेवते. मला तर तीही सोय राहिली नाही.

रागाने झोप येत नाही. राग कुणाचा, तेही नीट कळत नाही, कारण मलाही टक्के हवेत.

१९ जानेवारी

थोरलीने दाराला कडी घातली आणि माझा हात मांडीवर घेऊन बोटं वाकवायला लागली. दुखत होतं, पण बरं वाटत होतं. मग मीच हात ओढून घेतला. म्हटलं, तुझ्याच फीवर पाणी फिरवते आहेस, अक्कल आहे का? तर म्हणते, "मला नको ती फी."

नको म्हणे! मी नाही नाही ते बोलले. रडत बाहेर गेली. रडू दे. तिच्यासाठीच चाललंय सगळं.

४ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी बोटं धरून पाहिली. "करत नाही ना? खरं सांगा." म्हटलं, घरकामातून वेळ होत नाही. "चांगला सुधारत होता हो हात," म्हणाल्या.

होता!

२६ फेब्रुवारी

तपासणी झाली. डॉक्टरांनी बोट वाकवून पाहिलं, मी किंचाळले. बोट काही हललं नाही. "हात पुरता आखडलाय," त्यांनी शेजारच्याला सांगितलं. मी बाहेर येऊन टक्के सांगितले तसे ह्यांनी पाठीवर थाप दिली — पोरगा पहिला आल्यासारखी! येताना सगळ्यांना आइस्क्रीम. डाव्या हाताने हे वाकडंतिकडं लिहिणं जमतं, पण चमचा अजून नीट धरता येत नाही. सासूबाईंनी भरवलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू?

थोरलीने खाल्लं नाही.

२१ मार्च

आज कोर्टात माझी साक्ष.

कंपनीचा वकील म्हणजे काय माणूस! मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. मला आधी पाणी मागवलं. "बसून बोला ताई, उभं राहू नका." मग गप्पा मारल्यासारखा बोलायला लागला. "पुठ्ठा अडकला की आधी मशीन बंद करायचं, हे तर सगळ्यांनाच सांगितलेलं असतं." मी म्हटलं, हं. "पण घाई असते, माणूस तसाच हात घालतो." हं. "नंतर दवाखान्यात व्यायाम शिकवला." हं. "घरचं सगळं बघायचं म्हणजे व्यायाम कुठला व्हायला!" हं. "मग हात आखडणारच." हं.

समोर टाइप करणाऱ्याने प्रत्येक वेळी 'होय' लिहिलं.

समोरचा बोलत असला की आपण हं म्हणतोच ना! हं म्हणजे ऐकते आहे, पुढे बोला. सासूबाईंना तर मी दिवसभर हं हं करत असते, म्हणून काय त्यांचं सगळं पटतं मला? पुठ्ठा अडकला म्हणून मशीन बंद केलं की सुपरवायझर अंगावर धावून यायचा, हात आत जाऊ नये म्हणून असलेली पुढची जाळी त्यानेच काढून ठेवली होती, हे मला सांगायचं होतं. गोडबोल्या थांबेल, मग सांगू, असं मनात धरून बसले होते. तो थांबलाच नाही. खाली बसला आणि म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत."

आमचा वकील आता जागा झाला. "साहेब, हं म्हणजे होय नव्हे." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मग काय?" वकील माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हं म्हणजे... हं." सगळे हसले. टाइप करणाराही.

२२ मार्च

"तोंड बंद ठेवता येत नव्हतं का तुला?" — हे.

तोंड बंदच होतं! हं तोंड बंद ठेवूनच म्हणतात.

११ एप्रिल

निकाल लागला. हात मशीनमध्ये घातला तो माझा निष्काळजीपणा, आणि आखडला तो माझा आळस. हातावर फुंकर घालण्यापुरतं काहीतरी दिलं, ते वकिलाच्या फीतच जाईल. "अपिलात बघू," म्हणाला आणि दुसऱ्या कुणाकडे वळला.

घरी आल्यावर ह्यांनी माळ्यावर चढून चेंडू काढला आणि माझ्या मांडीत टाकला. "घे. दाब आता." दाबला. बोटं खिळ्यांसारखी ताठ. चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला. कुणी उचलला नाही.

१६ एप्रिल

कंपनीचा मॅनेजर स्वतः घरी आला! अपील केलं नाही तर घरातल्या एका माणसाला कंपनीत कायम नोकरी देतो म्हणे. हे लगेच शर्टाचं बटण लावत पुढे झाले. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही नाही हो. पंचिंगला बारीक बोटांच्या बायकाच लागतात." आणि चहा देणाऱ्या थोरलीकडे बघितलं.

मी विचारलं, जाळी परत बसवली का? "नवी मागवली आहे." माझा हात गेला तेव्हाही ती मागवलेलीच होती.

१८ एप्रिल

थोरली आज पहिल्या पाळीला गेली. माझ्याच मशीनवर. हे नको म्हणत होते, अगदी हात जोडून. सासूबाई रडल्या. डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून अपील न करण्याच्या कागदावर मी अंगठा उठवला. तिला म्हटलं, बाह्या वर कर आणि नीघ.