समोरासमोरच्या दोन खिडक्या

पोझेगा,
संत पेतरच्या सणाआधीचा मंगळवार

राजमान्य राजेश्री कूम वितोमिर यांस ओब्रादचा अत्यंत आदरपूर्वक नमस्कार. (एवढा मान तू माझ्या लग्नात साक्षीला शेजारी उभा राहिलास त्याबद्दल. कूमाचं नातं रक्ताच्या नात्याहून वरचं, हे मी जाणतो. यापुढे नेहमीसारखं अरे-तुरे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? इकडे आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे इकडे मी आहे आणि सुखरूप आहे. आमची सौ. स्तोयांका गाडीची चाचणी घ्यायला गेली आहे, त्यामुळे घरात शांतता आहे आणि लिहायला सवड मिळाली.

गाडी कशी आहे असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी "उत्तम" म्हणालो होतो. ते कूमाला द्यायचं उत्तर होतं, आता सविस्तर लिहितो. स्तोयांकाने एकतीस वर्षं पोस्टात काढली आणि दर उन्हाळ्यात लोकांनी समुद्रावरून पाठवलेली कार्डं घरोघर वाटली. ती निवृत्त झाली की तिला समुद्रावर नेईन, तेही हॉटेलात नाही, आपल्या चाकांवरच्या घरात, वाटेल तिथे थांबत, असा शब्द मी तुझ्याच घरी तिसऱ्या पेल्यानंतर सर्वांदेखत दिला. तू लगेच म्हणालास की मधमाश्या पाळणारा तुझा नेगोवान जुनी जीप विकतो आहे, चारही चाकांनी ओढणारी, मागे पलंग बसेल इतकी लांब. "माझा माणूस आहे, डोळे मिटून घे," म्हणालास. मी डोळे मिटून घेतली. कूमाने शब्द टाकलेल्या गाडीखाली वाकून बघणं म्हणजे कूमावर अविश्वास दाखवणं. शिवाय नेगोवानने आधी राकियाचे पेले भरले, मग कोकरू वाढलं, मग पुन्हा राकिया. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या गाडीचं बॉनेट कोणत्या तोंडाने उघडायचं? मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एका टायरला लाथ मारली, कारण तेवढं तरी करावंच लागतं. टायर चांगला होता. (तो एकच.)

हे तक्रार म्हणून लिहीत नाही, तुझ्या माहितीसाठी लिहितो: मे महिन्यात ऊन तापलं आणि गाडीचा तळ वितळला. नेगोवानने गंजाची भोकं मेणाने भरून वरून रंग दिला होता. काम सुबक होतं. स्तोयांका आत पडद्यांचं माप घेत होती, तिचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला, आणि परसात मधाचा असा वास सुटला की आसपासच्या मधमाश्या तीन दिवस आमच्याकडे पाहुणचाराला होत्या. मी नेगोवानला काही बोललो नाही. त्याने तुला सांगितलं असतं आणि तुला वाईट वाटलं असतं.

मग झार्को मिस्त्रीला बोलावलं. तो वाकला, मेणाशेजारच्या एका जुन्या ठिगळाकडे बघून त्याने मान हलवली आणि सगळे मिस्त्री विचारतात तेच विचारलं, "हे कोणत्या गाढवाने केलंय?" "तूच, मार्चमध्ये," स्तोयांका म्हणाली. झार्कोने पुन्हा नीट पाहिलं. "तरीच अजून टिकलंय," म्हणाला, कॉफी प्याला, आणि पत्रा आणायला म्हणून गेला तो अजून यायचा आहे. शेवटी पत्रा स्तोयांकानेच ठोकला. ब्रेकचं तेल, गळकी नळी, पुढची चाकं जोडणारा अडकून बसलेला दांडा, हेही तिनेच पुस्तकात बघून केलं. मीही खाली शिरलो असतो, पण गार सिमेंटवर पाठ टेकली की मूत्रपिंडं जातात, हे आमच्या आईने मला लहानपणीच बजावलेलं. मी खुर्चीवरून दिवा धरला. (हे वाटतं तितकं सोपं नाही. इकडे धरला की ती म्हणते तिकडे धर.) पलंगाची मापं मात्र मी घेतली. तीस वर्षं जमिनी मोजल्या, ती विद्या फुकट गेली नाही.

आता खिडकीचं सांगतो. स्तोयांकाला दोन खिडक्या हव्या होत्या, आणि त्याही समोरासमोर. समोरासमोरच्या वाऱ्याचा झोत माणसाचं काय करतो हे तुला सांगायला नको. आमचे मामा सत्त्याऐंशी साली दार आणि खिडकी यांच्या मधोमध बसून पेपर वाचत होते आणि तिथल्या तिथे गेले. (वय एक्याण्णव होतं हे खरं, पण पेपर अर्धाच वाचून झाला होता.) "अरे, समुद्राचा वारा एका खिडकीतून आत आला तर बाहेर जाईल कुठून?" स्तोयांका म्हणाली. "म्हणूनच म्हणतो, आतच यायला नको," मी म्हणालो. "म्हणजे समुद्रावर जाऊन मी डब्यात झोपू? त्यापेक्षा पोस्टाची पेटी बरी, तिला फट तरी असते!"

रविवारी ती चर्चला गेली असताना मी होती ती एक खिडकीही सिलिकॉन भरून कायमची बंद केली. दोन नळ्या लागल्या. ती आली, तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. (ती बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही.) आज सकाळी करवतीच्या आवाजाने जाग आली. तिने जुनी खिडकी मोकळी केली होती आणि समोरच्या बाजूला दुसरी कापली होती. मी मोजून पाहिली आणि दोन मिलिमीटर तिरकी आहे असं तिला सांगितलं. ते त्या वेळी सांगायला नको होतं असं आता वाटतं. मग ती स्टिअरिंगमागे बसली आणि निघाली. प्रवासाला निघालेल्या माणसामागे ओततात तसं तांब्याभर पाणी मी गाडीमागे ओतलं. चाचणी का असेना, पद्धत ती पद्धत.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
ओब्राद

ता. क. चाचणी समुद्रापर्यंत आहे. "मी चालले. वारा सोसत नसेल तर बस घरात," असं म्हणून ती गेली. आजचा मुक्काम क्रुशेवाट्सला बहिणीकडे, उद्या दुपारी तुमच्याकडे जेवण, मग सरहद्द. हे पत्र चारच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतो, म्हणजे आज रात्रीच पोचेल. ती पन्नासच्या वर चालवत नाही. कूमा, माझं एवढं काम कर: जेवण लांबव. आधी सूप, मग कोबीच्या पानात गुंडाळलेला सार्मा, मग भाजलेलं मांस, मग पुन्हा सार्मा. तोवर मला काहीतरी सुचेल.

ता. क. २. जरा पडावं म्हणून आत गेलो तर माझी उशी नाही. तिचीही नाही. एकटी बाई दोन उशा कशाला नेईल? खुंटीवरचा माझा लोकरी मफलरही गेला आहे. जुलै महिन्यात तिला मफलर कशाला हवा?

ता. क. ३. ड्रायव्हर म्हणतो एकच जागा शिल्लक आहे, बंद न होणाऱ्या खिडकीशी, आणि वरची झडपही उघडी असते. मी हो म्हणालो. तेव्हा हे पत्र मीच आणतो आहे, दाराखालून सरकवतो, कारण तोंडाने सांगणं मला जमणार नाही. तिच्याशिवाय मला करमत नाही, आणि अजून अर्धा दिवसही झालेला नाही. उद्या ती आली की माझी बाजू मांडू नकोस. एवढंच विचार की दोन खिडक्यांच्या मधे अजून एका माणसाची जागा आहे का. आणि आता दार उघड, सावकाश उघडलंस तरी चालेल. मी अंगणात वाऱ्याला उभा असेन, सवय करत.