विम्याच्या बिल्ल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, वडवणी, जि. बीड.

अर्जदार : राधाकिशन आश्रुबा सानप, माजी संचालक, हिंगणदरा सहकारी दूध उत्पादक संस्था. हल्ली मुक्काम गुरांची छावणी.

विषय : लाळ्या-खुरकुताची लस टोचण्यास आपण छावणीत पुन्हा येणेबाबत.

संदर्भ : १) छावणी सभेचा ठराव क्र. ३, दि. ५ मे २०१९.
२) त्या दिवशी आपण न घेता ठेवलेला चहा.

महोदय,

१. सविनय सादर की, गेल्या पावसाळ्यात पावसाने दगा दिल्याने यंदा संस्थेने माळावर छावणी उघडली असून तीत दोनशे बारा जनावरे दाखल आहेत. पैकी एक गाय व दोन बैल अर्जदाराचे. मेच्या सुरुवातीस गायीच्या तोंडाला फोड आले, लाळ गळू लागली व खुरांत जखमा झाल्या. पुढची हकीकत आपणास ठाऊक आहे, तरी ती कागदावर यावी म्हणून लिहिणे भाग आहे.

२. आपण निरोगी जनावरांना लस टोचण्यास आलात तेव्हा सभा भरली. लशीने रोग पसरायचा थांबतो का, एवढेच छावणीतल्या सुग्रीव बडे यांनी विचारले. आपण खरे ते सांगितले. लस टोचलेल्या एखाद्या जनावराला रोग होऊ शकतो, पण बहुतेक वेळा हलका होतो, आणि कळपातला फैलाव पुष्कळ कमी होतो. शंभर टक्के हमी मात्र आपण देणार नाही. आता साहेब, हमी न देणाऱ्याचे आमच्याकडे ऐकतो कोण? अर्जदार उठला. गायीचा कान धरून त्यातला पिवळा बिल्ला सर्वांस दाखवला व म्हणाला, "ही बघा लस टोचलेली. हिला झालाच ना रोग? मंग सुई टोचून फायदा काय हाय?" टाळ्या पडल्या. संचालक असतानाही अर्जदाराने एवढ्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या. लस नको, असा ठराव हात वर करून मंजूर झाला आणि आपण जीपकडे गेलात.

३. तदनंतर सोळा दिवसांत एकतीस जनावरे आजारी पडली व सहा वासरे-रेडके दगावली. लोक ठरावाला धरून आहेत. बिल्ला म्हणजे लस आणि लस म्हणजे रोग, असे ठरल्याने आता कात्रीने बिल्ले काढणे चालू आहे. कान फाटतात, रक्तावर माशा बसतात. बिल्लेवाली जनावरे छावणीबाहेर बांधावीत, असाही विचार कालपासून निघाला आहे. बाहेर ना चारा, ना टँकर. साहेब, हे वेडेपण आहे हे अर्जदारास कळते, आणि ते कोणी सुरू केले हेही कळते.

४. आता मुद्द्याचे. तो बिल्ला लशीचा नव्हे, विम्याचा आहे. गाय घेतली तेव्हा विमा कंपनीने मारलेला. डिसेंबरात आपली माणसे गावात लस टोचत फिरली तेव्हा गाय नऊ लिटर दूध देत होती. लशीने दूध आटते या भीतीने अर्जदाराने तिला कडब्याच्या गंजीमागे नेऊन बांधले व दोन्ही बैल पुढे केले. सबब ज्या गायीच्या जोरावर सभा जिंकली, तिला सुई लागलेलीच नाही. सुई लागलेले बैल तिच्या शेजारी निवांत रवंथ करत उभे आहेत. अर्जदार रोज त्यांना पेंढी टाकतो आणि तोंड दुसरीकडे फिरवतो.

भर सभेत बोलताना हे ठाऊक होते काय, असे आपण विचाराल. होते. टाळ्या सुरू झाल्यावर मागे फिरवेना.

५. हे सांगण्यासाठी अर्जदार तीन वेळा छावणीच्या भोंग्यापाशी गेला. तिन्ही वेळा माईक हाती घेऊन टँकर किती वाजता येईल ते सांगून परत आला. परवा वच्छलाबाई भेटल्या. बाई एकट्या, घरात एक म्हैस, दगावलेल्या सहांत शेवटचे तिचेच रेडकू. त्या रडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "भाऊ, तुमी होता म्हणून माझ्या म्हशीला ती सुई लागली न्हाई. रेडकू गेलं, पर म्हैस तर वाचंल." अर्जदाराने मान हलवली. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. त्या म्हशीला अद्याप रोग नाही. लशीचा गुण यायला पंधरवडा लागतो असे आपणच सांगितले होते, म्हणजे एकेक दिवस वाया चालला आहे.

६. तरी विनंती की, आपण मागचा अपमान पोटात घालून उद्याच यावे व निरोगी राहिलेल्या जनावरांना, त्यातही प्रथम वच्छलाबाईंच्या म्हशीला, लस टोचावी. आपण सांगून लोक ऐकणार नाहीत, याची व्यवस्था अर्जदारानेच करून ठेवली आहे. म्हणून आधी हा अर्ज भोंग्यावरून मोठ्याने वाचावा. अर्जदार समोर हजर राहील. मात्र नाव सुरुवातीलाच घ्यावे. शेवटी घेतल्यास तोवर अर्जदार निघून जाण्याचा संभव आहे.

आपला, यावेळी खरोखर नम्र,
राधाकिशन आश्रुबा सानप
दि. २१ मे २०१९

साक्षीदार : वरील मजकूर खरा आहे. गंजीमागं दावं मीच धरलं होतं. माझंबी नाव वाचावं.
कौशल्याबाई राधाकिशन सानप